सिस्टिम घेत नाही, म्हणजे नक्की कोण घेत नाही?

गेल्या उन्हाळ्यात भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तिच्यासोबत गेलो होतो. दुपारची वेळ, एकच पंखा आणि आमच्यापुढे सात-आठ जण. आमचा नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलानं दोनदा सगळी माहिती भरली आणि दोन्ही वेळा पडद्यावर लाल ओळ आली. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्न केला नाही. कागद आमच्याकडे सरकवत म्हणाला, "सिस्टिम घेत नाही."

कारण साधं होतं. उत्पन्नाच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव इंग्रजीत झेड आणि डब्ल्यू घालून ‘रिझवान’ असं लिहिलेलं होतं. शाळेच्या नोंदीत तेच नाव जे आणि व्ही घालून, ‘रिजवान’ असं. फरक दोन अक्षरांचा. भाचीनं हळूच विचारलं, "मामू, अब्बा का नाम गलत है क्या?"

तो प्रश्न मला अजून टोचतो. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या बापाचं नावच चुकीचं आहे असं वाटावं, इतकी त्या लाल ओळीची जरब होती. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता. त्याच्या हातात काहीच नव्हतं, एवढंच. मला मात्र त्या लाल ओळीच्या मागची ओळ दिसत होती. ती साधारण अशी असणार: ही दोन नावं अक्षरशः सारखी नसतील तर पुढे जाऊ देऊ नकोस. ही ओळ आभाळातून पडलेली नाही. कुठल्या तरी ऑफिसात, चहा पिऊन झाल्यावर, कुणीतरी माणसानं ती लिहिली. हे मला ठाऊक आहे, कारण तसल्या ओळी मी रोज रात्री लिहितो.

दुकान बंद झाल्यावर

मी इंजिनिअर नाही. मी बीकॉम झालो आणि मोटारसायकलच्या सुट्या भागांचं आमचं दुकान चालवतो. सकाळी साडेनऊला शटर वर, रात्री साडेआठला खाली. इशा आणि जेवण झालं की दहा-सव्वादहाला मी लॅपटॉप उघडतो. बाराच्या सुमाराला आतून अम्मीचा आवाज येतो, "अब सो भी जा, सुबे दुकान खोलना है." हा माझा रोजचा दिवस.

सुरुवात टाळेबंदीत झाली. दुकान बंद, हाताला काम नाही आणि घरात एक जुना लॅपटॉप. पायथन नावाची भाषा फुकट शिकता येते असं कळलं आणि बसलो. पहिले दोन आठवडे नुसत्या चुका. एकदा एका विसरलेल्या कंसानं माझी अख्खी रात्र खाल्ली. पण ज्या दिवशी दुकानातल्या मालाची यादी माझ्या प्रोग्राममधून बरोबर बाहेर आली, त्या दिवशी झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकलो नाही. आमच्याकडे एकाच वस्तूला गिऱ्हाईक ब्रेक शू म्हणतं आणि लायनरही म्हणतं. दोन्ही शब्दांनी तोच डबा सापडावा, इतकंच मला हवं होतं. ते जमलं. नोकरीला ठेवलेल्या नव्या पोराला आता मला हाक मारावी लागत नाही.

लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. "यात पैसे किती मिळतात?" "कुणाचं व्हॉट्सॲप हॅक करता येतं का?" "आता या वयात नोकरी कोण देणार?" कॅरम खेळणाऱ्याला कुणी विचारत नाही की यात पैसे किती. क्रिकेट खेळणाऱ्यालाही विचारत नाही. कॉम्प्युटरचं मात्र आपल्याकडे एकच गणित आहे: कोर्स, सर्टिफिकेट, नोकरी. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती त्या गणितावरच चालतात. घरची परिस्थिती बेताची असली की माणूस प्रत्येक गोष्टीत कमाई बघणार, हे मी समजू शकतो. पण त्यामुळे होतं असं, की नोकरी लागली नाही तर शिकलेलं सगळं फुकट गेलं असं मुलं समजतात आणि सोडून देतात.

खरं तर या क्षेत्रातल्या मोठमोठ्या गोष्टी हौसेतून उभ्या राहिल्या आहेत. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा आपला केवळ छंद आहे असंच त्यानं म्हटलं होतं. त्यातून झालेल्या लिनक्सच्या गाभ्यावर आज प्रत्येक अँड्रॉइड फोन चालतो. मी ज्या पायथनमध्ये लिहितो, ती भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत हाताला चाळा म्हणून लिहायला घेतली. त्यांच्यासारखं काही माझ्या हातून होईल असा माझा गैरसमज नाही. छंदाला कमी लेखू नका, एवढंच सांगायचं आहे.

दोन अक्षरांचं अंतर

काउंटरवरून परत आल्यावर मी ठरवलं की नावं जुळवणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा. घरातल्या सगळ्या कागदपत्रांवरची नावं त्यात टाकायची. कुठे फरक आहे आणि तो फरक नुसत्या स्पेलिंगचा आहे की खरोखरचा, हे त्यानं सांगायचं. म्हणजे अर्जाच्या शेवटच्या दिवशी काउंटरवर कळण्याऐवजी महिनाभर आधी घरीच कळेल. हे आधी कळणं फार महत्त्वाचं आहे. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा हे न ठरवता घाईनं एक संधी घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

मला वाटलं, दोन रात्रींचं काम आहे. दोन महिने लागले.

अशा कामासाठी जुन्या, तयार पद्धती आहेत. त्यातली एक साउंडेक्स. १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं गेलं. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या अक्षरांना उच्चारानुसार आकडे द्यायचे. आकडे जुळले की नावं सारख्या उच्चाराची मानायची. मी ‘शेख’ घालून पाहिलं. मध्ये ए-आय लिहा नाहीतर ई-आय, उत्तर एकच: एस-२००. ‘सय्यद’ची दोन-तीन स्पेलिंगं घातली, तीही जुळली. मी खूश.

मग भाचीच्या वडिलांचं नाव घातलं. डब्ल्यूवालं रिझवान झालं आर-२५०. व्हीवालं झालं आर-२१५. म्हणजे वेगळी माणसं! कारण साउंडेक्स डब्ल्यू सोडून देतं आणि व्हीला मात्र आकडा देतं. इंग्रजी कानाला व्ही आणि डब्ल्यू वेगळे ऐकू येतात. आपल्याला दोन्हीकडे एकच ‘व’ ऐकू येतो. ‘कुरेशी’ क्यूनं लिहिलं की एक आणि केनं लिहिलं की दुसरं, कारण पहिलं अक्षर बदललं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकी नावं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला नियम माझ्या मेहुण्याला ओळखत नव्हता.

दुसरी पद्धत रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किमान किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतील ते मोजायचं. इंग्रजी स्पेलिंगात ‘अमीन’ आणि ‘अमीर’ यांच्यातलं अंतर एक. रिझवानच्या दोन स्पेलिंगांतलं अंतर दोन. म्हणजे या हिशोबानं अमीन आणि अमीर ही दोन वेगळी माणसं एकमेकांच्या जास्त जवळची आणि माझा मेहुणा स्वतःपासूनच लांब! ‘सलीम’ आणि ‘सलमा’ यांच्यातलं अंतरही दोनच. अंतर दोनपर्यंत असेल तर एकच माणूस, असा नियम केला असता तर मी भाऊ-बहिणीला एक करून टाकलं असतं.

देवनागरीत गेलो तर तिथं वेगळाच घोळ. हिंदी फॉर्मवर नुक्त्याचा ‘ज़’ येतो, मराठी शाळेत त्या जागी ‘झ’ येतो, घाईत नुसता ‘ज’ येतो. त्यातही नुक्त्याचा ज़ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ज आणि त्याखालचं टिंब अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. पण आधी दोन्ही एकाच रूपात आणून घेतले नाहीत, तर कॉम्प्युटर म्हणतो, वेगळे आहेत. म्हणजे डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावंही ‘सिस्टिम घेत नाही’.

शेवटी मी आपले नियम आपणच लिहिले. व्ही आणि डब्ल्यू एक. झेड आणि जे एक. क्यू आणि के एक. पीएच आणि एफ एक. अक्षर दोनदा आलं तर एकदाच धरायचं. आणि सगळ्यात कामाचा नियम शेवटी सुचला. माझा प्रोग्राम आधी दोनच उत्तरं द्यायचा: जुळतं किंवा जुळत नाही. आता तो तिसरंही उत्तर देतो: माणसानं बघावं. अर्ध्याहून अधिक भांडणं त्या तिसऱ्या उत्तरानं मिटली.

माझ्याच प्रोग्रामनं अम्मीला नाकारलं

फुशारकी इथंच थांबवतो, कारण पुढची गोष्ट माझ्या चुकीची आहे.

प्रोग्राम तयार झाल्यावर मी घरातल्या सगळ्यांची नावं घातली. माझं जुळलं, बायकोचं जुळलं, अब्बांचं जुळलं. अम्मीच्या नावावर तो अडला. त्यानं सरळ लिहिलं: नाव अपूर्ण आहे.

अम्मीच्या रेशनकार्डावर ‘जैबुनबी’ एवढंच आहे. बँकेत ‘जैबुन’ वेगळं आणि ‘बी’ वेगळं. निकाहनाम्यात ‘झेबुन्निसा’. आडनाव काही ठिकाणी सासरचं, तर काही ठिकाणी नाहीच. मी मात्र प्रोग्राम लिहिताना धरून चाललो होतो की प्रत्येक माणसाला तीन नावं असतात: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. माझं तसं आहे ना! माझ्या शाळेच्या हजेरीपटात सगळ्यांचं तसंच होतं. ज्या बाईच्या हातचं जेवून मी रोज रात्री कोड लिहायला बसतो, तिचं नाव कसं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की काउंटरमागची ती ओळ लिहिणारा कुणी दुष्ट माणूस असेलच असं नाही. तो माझ्यासारखाच असेल. त्यानं आपलं नाव आणि शेजारच्या टेबलावरच्याचं नाव डोळ्यांसमोर धरलं आणि तेच जग मानलं. दुसरी अशी, की हेतू वाईट नव्हता म्हणून परिणाम कमी होत नाही. अम्मीला अपूर्ण म्हणणारा प्रोग्राम मीच लिहिला होता.

म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे. यंत्राला पूर्वग्रह नसतात, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. यंत्रात लिहिणाऱ्याची सवय उतरते. नावांच्या बाबतीत तर ही गोष्ट पोटापाण्याची आणि त्याहूनही मोठी आहे. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले. त्यांत मुस्लिम होते आणि हिंदूही होते. त्यामागची कारणं अनेक होती, पण कागदोपत्री नाव न जुळणं हे त्यातलं एक. स्पेलिंगची चूक किती महागात पडू शकते, हे तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं.

कागद माझ्याकडे नकोत

प्रोग्रामची बातमी गल्लीत पसरली तशी लोकांनी मला व्हॉट्सॲपवर आधारचे, पॅनचे, दाखल्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. ओळख ना पाळख, थेट फोटो. एका आठवड्यात माझ्या फोनमध्ये कितीतरी घरांचे नंबर, पत्ते आणि जन्मतारखा जमा झाल्या. मला घाम फुटला. माझा फोन हरवला तर?

मी सगळं पुसून टाकलं आणि नियम केला. प्रोग्राम फक्त नावं मागतो. आधारचा नंबर मागत नाही, जन्मतारीख मागत नाही. इंटरनेट बंद करूनही तो चालतो, आणि बंद केला की टाइप केलेलं काहीच उरत नाही. एकजण म्हणाला, "भाई, डेटा ठेवला असतास तर पुढे कामाला आला असता." कामाला आला असता, हीच तर भीती आहे. जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही. आपल्याकडे मदत करणारे पुष्कळ आहेत, अल्लाह त्यांचं भलं करो, पण लोकांच्या झेरॉक्स वर्षानुवर्षं कपाटात ठेवणं ही मदत नाही. तरुण कार्यकर्त्यांनी एवढी सवय जरूर लावून घ्यावी.

अल-ख्वारिझ्मींचं नाव आणि आपण

आता दोन प्रश्न, जे मला तुमच्या वयाची मुलं नेहमी विचारतात.

पहिला: आता एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला? मी एआयची मदत घेतो, लपवत नाही. पण एकदा मी त्याला नावाचा फॉर्म बनवायला सांगितला, तर त्यात पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी आल्या, तिन्ही सक्तीच्या. अम्मी पुन्हा बाहेर! मला कोड वाचता येत होता, म्हणून दिसलं. वाचता येत नसतं तर मी तो तसाच लोकांपुढे ठेवला असता. लिहून देणारा मिळाला तरी वाचणारा लागतोच.

दुसरा प्रश्न नाही, अभिमान आहे. दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो की अल्गोरिदम हा शब्द मुस्लिम गणितीच्या नावावरून आला. गोष्ट खरी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मींच्या नावाचा लॅटिनमध्ये अपभ्रंश झाला आणि पुढे त्याचा हा शब्द झाला. मला त्यात गंमत वेगळीच वाटते. ज्या शब्दावर सगळं कॉम्प्युटरशास्त्र उभं आहे, तो शब्द म्हणजे एका मुसलमानाच्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग आहे! आजच्या एखाद्या पोर्टलवर ख्वारिझ्मी साहेबांनी अर्ज भरला असता, तर त्यांनाही ‘सिस्टिम घेत नाही’ हेच ऐकावं लागलं असतं.

हा मेसेज पुढे पाठवायला एक सेकंद लागतो. त्यांनी केलं ते काम, म्हणजे एखादा प्रश्न पायरी-पायरीनं सोडवून इतरांना समजेल असा लिहून ठेवणं, त्याला रात्री लागतात. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्यांचा वारसा सांगायचा तर आज रात्री दहा ओळी लिहा. नाहीतर आपण फक्त फॉरवर्ड करणारेच राहू.

मग करायचं काय?

सगळ्यांनी प्रोग्रामर व्हावं असं मी म्हणत नाही. पण गाडी चालवणाऱ्याला प्लग साफ करता यावा, तसं आपलं आयुष्य ज्यावर चालतं त्याच्या आत एकदा तरी डोकावता आलं पाहिजे. लहान सुरुवात करा. वडिलांच्या दुकानाची उधारी, बचत गटाचा हिशोब, मोहल्ल्याच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी. प्रश्न आपला असला की शिकायला कंटाळा येत नाही. शक्य असेल तिथं आठवड्यातून एक तास चार जण एकत्र बसा. एकट्याला रात्रभर न दिसणारा कंस दुसऱ्याला पटकन दिसतो.

आणि घरात लॅपटॉप एकच असेल तर तो आपोआप मुलाच्या खोलीत जाऊ देऊ नका. माझ्या प्रोग्राममधली सगळ्यात मोठी चूक एका बाईच्या नावाची होती. लिहिणाऱ्यांत बायका असत्या, तर ती पहिल्याच दिवशी सापडली असती.

भाचीचं काम झालं. शाळेतली नोंद दुरुस्त करून घेतली आणि मुदतीला चार दिवस असताना अर्ज गेला. पण त्याआधी ती दोनदा त्या काउंटरवर जाऊन आली. तिथं तिनं विचारलं, "सिस्टिम घेत नाही म्हणजे नेमकं काय जुळत नाही? ते लिहून द्या. आणि तक्रार कुणाकडे करायची?" मुलानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहून दिलं. नेमकी कुठली नोंद बदलायची, ते त्या कागदामुळेच कळलं.

आता ती रविवारी माझ्या लॅपटॉपवर बसते. परवा तिनं माझ्या प्रोग्राममध्ये एक चूक काढली. ‘फातिमा’मधला टी आणि कुणीतरी लिहिलेला टीएच मी वेगळे धरत होतो. तिनं एक ओळ वाढवली, चालवून पाहिली आणि म्हणाली, "मामू, अब लेता है."